लुई पाश्चर : पिसाळलेला लांडगा, घरचा कुत्रा आणि रेबीजची लस

१८३१ सालच्या ऑक्टोबर महिन्यातली गोष्ट. फ्रान्सच्या पूर्व भागातल्या आर्ब्वा या छोट्या गावाच्या परिसरात एक पिसाळलेला लांडगा शिरला आणि वाटेत दिसेल त्याला चावत सुटला. त्या काळी अशा जखमेवर एकच उपचार होता. लोहाराच्या भट्टीत सळई लाल करायची आणि जखम डागायची. गावातल्या लोहाराच्या दुकानात हे डागणे चालू असताना एक मुलगा ते पाहत होता. कातडी कमावणाऱ्या पाश्चर यांचा तो मुलगा, लुई. वय नऊ वर्षेसुद्धा पूर्ण नव्हते. डागूनही चावलेल्यांपैकी अनेक जण पुढच्या काही आठवड्यांत रेबीजने मेले.

लुई पाश्चर यांचे नाव आपल्याकडे दुधाच्या पिशवीवरच्या ‘पाश्चराइज्ड’ या शब्दामुळे घरोघरी पोहोचले आहे. पण कुत्रा चावलेले मूल घेऊन आई-वडील दवाखान्यात येतात तेव्हा मला आठवतो तो त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग. यातले बरेच पालक सुरुवातीलाच सांगतात की, डॉक्टर, कुत्रा रस्त्यावरचा नाही, घरचाच आहे. त्यांना वाटते, घरचा आहे म्हणजे काळजीचे कारण कमी. पाश्चर यांच्या हातून उपचार होऊन वाचलेल्या पहिल्या प्रसिद्ध रुग्णाला चावलेला कुत्रासुद्धा पाळीवच होता.

डॉक्टर नसलेला संशोधक

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात लढलेले, नंतर कातडी कमावण्याच्या धंद्यात स्थिरावलेले. लुई शाळेत फार चमकणारा विद्यार्थी नव्हता. चित्रे मात्र उत्तम काढायचा. पुढे पॅरिसला शिकून तो रसायनशास्त्रज्ञ झाला. वैद्यकीय पदवी त्यांनी कधीच घेतली नाही, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार होती.

स्फटिक, दारू आंबण्याची क्रिया, रेशमाच्या किड्यांचे रोग असे त्यांचे विषय बदलत गेले, पण त्यातून एक विचार पक्का होत गेला. आंबणे, नासणे आणि रोग यांच्या मागे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव असतात. १८४९ मध्ये त्यांचे मारी लोराँ यांच्याशी लग्न झाले. पाच मुले झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली, दोन मुली टायफॉइडने. १८६८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराची डावी बाजू कायमची अधू झाली. आज ज्या कामासाठी आपण त्यांना ओळखतो, त्यातले बरेचसे काम या झटक्यानंतरचे आहे. आपल्या वाचकांमध्ये पक्षाघाताचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

न दिसणाऱ्या शत्रूचा माग

रेबीजवर त्यांनी १८८० च्या सुमारास काम सुरू केले. अडचण अशी की या रोगाचा जंतू त्यांच्या सूक्ष्मदर्शकात दिसतच नव्हता. आता आपल्याला माहीत आहे की तो विषाणू आहे आणि साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर आहे. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ टोचली तर प्रयोगातला प्राणी कधी रेबीजने मरे, कधी लाळेतल्या दुसऱ्याच जंतूने.

मग त्यांनी रुग्णांच्या लक्षणांवरून विचार केला. पाणी पाहून घशाला आचके येतात, वाऱ्याची झुळूक सहन होत नाही, भ्रम होतो. ही सगळी मेंदूची लक्षणे आहेत, तेव्हा रोग मेंदूत असला पाहिजे. त्यांचे सहकारी एमिल रू यांनी सुचवले की कवटीला बारीक छिद्र पाडून रोगट मेंदूचा अंश थेट कुत्र्याच्या मेंदूवर टोचावा. पाश्चर यांना प्राण्यांची चिरफाड बघवत नसे, ते टाळाटाळ करत राहिले. शेवटी ते बाहेर गेलेले असताना रू यांनी ते करून टाकले. परत आल्यावर त्या कुत्र्याच्या काळजीने पाश्चर हळहळले. तेवढ्यात तो कुत्रा शेपूट हलवत समोर आला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. दोन आठवड्यांनी त्या कुत्र्यात रेबीज दिसू लागला. हा आजार हवा तेव्हा आणि ठरावीक दिवसांत निर्माण करता येतो, हे सिद्ध झाले.

पुढची पायरी म्हणजे लस. रेबीज झालेल्या सशाच्या मज्जारज्जूचा तुकडा बाटलीत कोरड्या हवेत टांगून ठेवला की दिवसागणिक त्याचा जोर कमी होत जातो, हे त्यांना आढळले. साधारण दोन आठवड्यांत तो निरुपद्रवी होई. सर्वांत जुन्या, म्हणजे सर्वांत सौम्य तुकड्यापासून सुरुवात करून रोज थोडा ताजा तुकडा टोचत गेले, तर शेवटी ताज्या, जहाल अंशालाही कुत्रा पुरून उरतो. कुत्र्यांना रेबीजपासून सुरक्षित करता येते, हे १८८४ मध्ये सरकारी समितीसमोर दाखवण्यात आले.

इथे थोडे थांबू या. पाश्चर यांचा पहिला विचार माणसाला लस देण्याचा नव्हता. माणसाला रेबीज होतो तो बहुतेक वेळा कुत्र्यामुळे, तेव्हा कुत्र्यालाच सुरक्षित करावे, हा सरळ हिशेब होता. पण त्यांच्या पद्धतीत प्रत्येक कुत्र्याला अनेक दिवस रोज इंजेक्शन द्यावे लागे, त्यासाठी ससे लागत, बाटल्या लागत, प्रशिक्षित माणसे लागत. फ्रान्समधल्या लाखो कुत्र्यांसाठी हे शक्यच नव्हते. म्हणून त्यांनी दुसरी वाट धरली. चावल्यानंतर माणसाला लस द्यायची.

चावल्यानंतर लस देऊन काय उपयोग, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक आजही विचारतात. उत्तर या रोगाच्या चालीत आहे. विषाणू जखमेतून रक्तात न जाता जवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्यातून हळूहळू मेंदूकडे सरकतो. लक्षणे दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, क्वचित काही दिवस किंवा वर्षाहून अधिक काळ. या मधल्या काळात लशीने शरीरात प्रतिपिंडे तयार झाली, तर विषाणू वाटेतच अडवता येतो. एकदा लक्षणे सुरू झाली की मात्र १८८५ मध्ये उपाय नव्हता, आणि आजही खात्रीचा उपाय नाही.

तो कुत्रा कोणाचा होता?

४ जुलै १८८५. तेव्हा जर्मनीच्या ताब्यात असलेल्या आल्सास प्रांतात नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर एकटाच पायी शाळेला निघाला होता. वाटेत एका कुत्र्याने त्याला खाली पाडले. बिचाऱ्याने हातांनी चेहरा झाकला. एका गवंड्याने लोखंडी पहारीने कुत्र्याला हाकलले तोपर्यंत जोसेफच्या हातांवर आणि पायांवर चौदा जखमा झाल्या होत्या. कुत्रा एका किराणा दुकानदाराने पाळलेला होता. तो घरी परतला आणि स्वतःच्या मालकालाही चावला.

दोन दिवसांनी आई जोसेफला घेऊन पॅरिसला पाश्चर यांच्या प्रयोगशाळेत पोहोचली. तो दुकानदारही सोबत होता. पाश्चर यांनी त्याचा दंड पाहिला. मार लागला होता, पण दात शर्टातून आत गेले नव्हते, कातडी फाटली नव्हती. त्याला परत पाठवले. आजही उपचार ठरवताना डॉक्टर हेच आधी पाहतात की कातडी शाबूत आहे का. फक्त हा निर्णय घरी घेऊ नये. बारीक ओरखडा सहज नजरेतून सुटतो, विशेषतः लहान मुलांच्या केसांत आणि बोटांच्या बेचक्यात.

जोसेफच्या बाबतीत निर्णय सोपा नव्हता. पाश्चर डॉक्टर नव्हते. त्यांनी व्ह्युल्पियाँ आणि ग्राँशे या दोन डॉक्टरांना बोलावून मुलगा दाखवला. दोघांचेही मत पडले की उपचार न केल्यास मृत्यू जवळजवळ अटळ आहे. रू यांना मात्र माणसावर प्रयोग करण्याइतका पुरावा जमलेला नाही असे वाटत होते आणि ते यातून बाजूला राहिले. पाश्चर यांच्या मृत्यूनंतर अनेक दशकांनी त्यांच्या प्रयोगवह्या अभ्यासकांना खुल्या झाल्या. त्यांवरून दिसते की माणसावर वापरलेल्या नेमक्या क्रमाची कुत्र्यांवर पुरेशी तपासणी तोवर झालेली नव्हती. आजच्या नियमांत हे बसले नसते. माझ्या मते रू यांची शंका रास्त होती. तरीही त्या संध्याकाळी त्या आईसमोर मी असतो तर काय केले असते, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

६ जुलैच्या संध्याकाळी ग्राँशे यांनी पोटाच्या कातडीखाली पहिले इंजेक्शन दिले. पुढच्या दहा दिवसांत एकूण तेरा. शेवटचे इंजेक्शन सर्वांत जहाल होते. मुलगा प्रयोगशाळेतल्या कोंबड्या-सशांबरोबर खेळत होता आणि पाश्चर यांना रात्र रात्र झोप लागत नव्हती. जोसेफ जगला. मोठेपणी तो पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पहारेकरी झाला.

घरच्या कुत्र्याबद्दल सांगायचे ते इथेच सांगतो. तो दुकानदार काही निष्काळजी होता असे नाही. रेबीज झालेला कुत्रा मालक ओळखत नाही. कारण नसताना चावणे, आवाज बदलणे, लाकूड-माती-चिंध्या खाणे, अंधाऱ्या कोपऱ्यात लपणे, लाळ गळणे ही लक्षणे बहुतेकांना ऐकून माहीत असतात. पण काही कुत्रे उलट गप्प होतात. जबडा लोंबतो, गिळता येत नाही. घशात हाड अडकले असावे असे समजून घरातले कोणीतरी प्रेमाने तोंडात हात घालते, आणि तिथेच घात होतो. असे दिसले तर हात न लावता पशुवैद्यकाला बोलवा. आणखी एक गैरसमज म्हणजे कुत्रा पाणी पितो आहे म्हणजे पिसाळलेला नाही. पाण्याची भीती हे माणसातले लक्षण आहे. रेबीज झालेला कुत्रा पाणी पिऊ शकतो.

अर्थात घरात होणारे बहुतेक चावे रेबीजचे नसतात, ते कुत्र्याच्या साध्या स्वभावातून होतात. रांगते बाळ ताटलीजवळ जाते, झोपलेल्या कुत्र्याला मिठी मारते, कान ओढते, पिल्ले उचलायला जाते. कुत्रा आधी सांगत असतो. तो ताठ होतो, तोंड फिरवतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो, मग गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नये. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला कुत्र्याबरोबर एकटे सोडू नये, कुत्रा कितीही शांत असला तरी, स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून येण्याइतका वेळसुद्धा. लहान मुलाचा चेहरा कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो, म्हणून त्यांना चावे चेहऱ्यावर आणि मानेवर बसतात. तिथून मेंदू जवळ.

सदतीस दिवस

जोसेफनंतर ऑक्टोबरात ज्यां-बाप्तिस्त जुपीय हा तरुण मेंढपाळ आला. लहान मुलांवर धावून आलेल्या पिसाळलेल्या कुत्र्याशी तो एकटा झुंजला होता. उपचार सुरू होईपर्यंत सहा दिवस गेले होते, तरी तो वाचला. २६ ऑक्टोबर १८८५ रोजी पाश्चर यांनी विज्ञान अकादमीत आपला अहवाल मांडला आणि चावलेल्यांची रीघ लागली.

त्यांत ९ नोव्हेंबरला दहा वर्षांच्या लुईज पेलतिएला तिच्या पालकांनी आणले. तिच्या डोक्याला मोठी जखम होती आणि कुत्रा चावून सदतीस दिवस झाले होते. पाश्चर यांना पुरते कळत होते की उशीर झाला आहे. लस देऊनही ती दगावली, तर दोष लशीवर येईल, मग घाबरून दुसरे रुग्ण येणार नाहीत, हेही दिसत होते. आई-वडिलांना नाही म्हणणे त्यांना जमले नाही. उपचार पूर्ण झाले, मुलगी शाळेत जाऊ लागली, आणि मग लक्षणे दिसली. पाश्चर तिच्या उशाशी बसून राहिले. ३ डिसेंबरला ती गेली. टीकाकारांनी पुढे त्यांच्यावर माणसे मारल्याचे आरोप केले. मुलीच्या वडिलांनी मात्र त्यांना कधी दोष दिला नाही.

सदतीस दिवस वाया कसे जातात, हे आपल्याकडे नवीन नाही. जखमेत मिरचीपूड, हळद, चुना किंवा तंबाखू भरतात, कोणी उतारा घेते, कोणी कुत्रा मरतो का याची वाट पाहते. त्या काळच्या डागण्याची जागा आता साबणाने घेतली आहे आणि साबण डागण्यापेक्षा कितीतरी चांगला आहे, कारण या विषाणूचे बाह्य आवरण चरबीचे असते आणि ते साबणाने फुटते. म्हणून चावा बसताच, दवाखान्याला निघण्याआधी, जखम वाहत्या नळाखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण मूल रडत असताना दोन मिनिटेसुद्धा पंधरा वाटतात. मग पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावा. पट्टी घट्ट बांधू नका, टाके घालण्याचा आग्रह धरू नका.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कातडी फाटून रक्त आले असेल, किंवा जखमेवर वा ओठ-डोळ्यांसारख्या ओल्या भागावर लाळ लागली असेल, तर लशीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिन लागते. ही तयार प्रतिपिंडे असतात आणि ती जखमेत व जखमेभोवती टोचतात. लशीचा परिणाम यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर हीच पहारा देतात. लुईजच्या वेळी हे नव्हते. लस दंडात देतात, लहान बाळांना मांडीत, कुल्ल्यात कधीच नाही. स्नायूतली इंजेक्शने पहिल्या, म्हणजे शून्याव्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी. अनेक सरकारी रुग्णालयांत कातडीत देतात, त्यात चौदाव्या दिवसाचा डोस नसतो. पूर्वी पूर्ण लस झालेली असेल तर बहुधा दोनच डोस पुरतात, म्हणून जुने कार्ड सोबत न्या. गर्भवती स्त्रिया आणि तान्ही मुले यांनाही ही लस देता येते. खाण्यापिण्याचे कोणतेही खास पथ्य नाही.

घरच्या कुत्र्याला बांधून दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवता येते. तो दहा दिवस ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का, हे डॉक्टर ठरवतील. दहा दिवस पाहून मग लस सुरू करायची, असा त्याचा अर्थ नाही.

पॅरिसहून कसौली, कुन्नूर आणि परळ

मार्च १८८६ मध्ये रशियातल्या स्मोलेन्स्कहून पिसाळलेल्या लांडग्याने फाडलेली एकोणीस माणसे पॅरिसला आली. चावून बरेच दिवस झाले होते, जखमा खोल होत्या. पाश्चर यांनी दिवसातून दोनदा इंजेक्शने सुरू केली. तिघे गेले, सोळा वाचून आपल्या गावी परतले. लोकवर्गणीतून उभी राहिलेली पाश्चर संस्था १४ नोव्हेंबर १८८८ रोजी सुरू झाली.

त्या संस्थेत काम केलेले हाफकिन पुढे मुंबईत आले, त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि परळची हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. कसौलीला १९०० मध्ये आणि कुन्नूरला १९०७ मध्ये पाश्चर संस्था सुरू झाल्या. कसौलीत सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून नवी लस बनवली. आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीतली पोटातली चौदा इंजेक्शने ती हीच. दुखायची फार, आणि क्वचित मज्जासंस्थेवर दुष्परिणामही व्हायचे. भारतात ती या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली. तरीही चौदा इंजेक्शनांच्या धाकाने चावा लपवणारी मुले आणि मोठी माणसे मला अजून भेटतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा की आता दंडात थोडीच इंजेक्शने असतात, आणि कुत्र्याची खोडी काढली म्हणून कोणी रागावणार नाही.

पाश्चर यांना जे कुत्र्यांच्या बाबतीत जमले नाही, ते आता कुठल्याही पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर, साधारणपणे दरवर्षी. कुत्रा फक्त घरात असतो, बाहेर जातच नाही, हे कारण चालत नाही. दार उघडे राहते आणि गच्चीवर मांजर येते. ही तारीख मुलांच्या लसीकरणाच्या तारखांशेजारी लिहून ठेवली की विसरत नाही.

शेवटची वर्षे पाश्चर थकत गेले. आणखी झटके आले, बोलणे अडखळू लागले. पॅरिसजवळ व्हिलनव्ह-लेताँ येथे सरकारने त्यांना प्रयोगाचे कुत्रे ठेवायला जागा दिली होती. तिथल्याच आवारातल्या घरात २८ सप्टेंबर १८९५ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.